आधी पिन, मग पक्कड : गाडीच्या कपलरसाठी क्रिम्पिंग टूल कसे निवडावे

गाडीच्या वायरिंगमध्ये तार मधूनच खराब होण्याचे प्रसंग तसे थोडे. उंदराने कुरतडली, तापलेल्या सायलेन्सरला चिकटली किंवा पत्र्याच्या कडेवर घासत राहिली, तर गोष्ट वेगळी. एरवी बिघाड होतो तो तार जिथे संपते आणि पिन जिथे सुरू होते, त्या चार-पाच मिलिमीटरांत. हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की हेडलाइट लुकलुकतो. रेडिएटरच्या पंख्याचा कपलर वितळून काळा पडतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर एखाद्या सेन्सरचा कोड दाखवतो आणि नवा सेन्सर बसवूनही आठवड्याभरात तोच कोड परत येतो. अशा वेळी बल्ब बदलला जातो, रिले बदलला जातो, सेन्सर बदलला जातो. पण पिन कशाने दाबली होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. खरे तर तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. क्रिम्पिंग टूल हे पान्यासारखे किंवा स्क्रू-ड्रायव्हरसारखे कुठेही चालणारे हत्यार नाही. ते त्या विशिष्ट पिनसाठीच घडवलेले असते आणि त्याच्याशिवाय ती पिन अपुरी असते. म्हणून टूल निवडताना सुरुवात टूलच्या दुकानातून करू नये. हातातल्या पिनपासून करावी. या लेखाचा सगळा आग्रह एवढाच आहे, आणि त्यामागची कारणे नीट समजली तर खरेदीचा निर्णय आपोआप सोपा होतो.

सुरुवात क्रिम्पच्या आत काय घडते इथून करू. पिनच्या पाकळ्या तारेभोवती आवळल्या जातात आणि तार निसटू देत नाहीत, एवढेच क्रिम्पचे काम, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात चांगल्या क्रिम्पमध्ये पाकळ्या आणि तांब्याचे तंतू दोन्ही इतक्या दाबाखाली येतात, की दोघांचाही आकार कायमचा बदलतो. गोल तंतू एकमेकांवर दाबले जाऊन कोनदार होतात, त्यांच्यामधल्या फटी नाहीशा होतात, तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि खालचा स्वच्छ धातू पिनच्या धातूला थेट भिडतो. आत हवेला आणि ओलाव्याला जागा उरत नाही, म्हणून संपर्काची ती जागा वर्षानुवर्षे स्वच्छ राहते. दाब कमी पडला तर फटी राहतात, त्यांतून दमट हवा शिरते, तांबे हळूहळू काळे-हिरवे पडते आणि जोडाचा रोध वाढत जातो. दाब जास्त झाला तर तंतू चिरडून बारीक होतात आणि गाडीच्या थरथरीने पाकळ्यांच्या कडेशीच तुटू लागतात. या दोन चुकांमधली जागा फार अरुंद असते. पिनचे उत्पादक दाबलेल्या भागाची नेमकी उंची ठरवून देतात आणि बारीक तारांसाठी तीत साधारण ०.०५ मिलिमीटर इकडेतिकडे एवढीच सूट असते. माणसाच्या केसाची जाडीही बहुधा याहून जास्त असते. मनगटाच्या जोराचा अंदाज कितीही मुरलेला असला, तरी तो इतक्या बारकाईने रोज, प्रत्येक पिनवर सारखा राहू शकत नाही. ती बारकाई टूलच्या डायमध्ये, म्हणजे जबड्यातल्या साच्यात, कोरलेली असावी लागते.

हा फरक कागदावरचा नाही, हे थोड्या हिशेबाने दिसते. नीट दाबलेल्या जोडाचा रोध मिलिओहमच्या घरात असतो, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच. आता समजा, सैल दाबलेल्या जोडाचा रोध वाढून ०.१ ओहम झाला. ६० वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर घेतो. त्या जोडावर ०.५ व्होल्ट खर्ची पडतात, प्रकाश मंदावतो आणि सुमारे अडीच वॉट उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद कपलरमध्ये साठू लागते. रेडिएटरचा पंखा २० अँपिअर घेत असेल, तर ०.०५ ओहमचा दोषही पुरे होतो: जोडावर एक व्होल्ट जातो आणि २० वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नचे टोक जवळपास एवढ्याच शक्तीवर कथिल वितळवते. उष्णतेने पिनचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. वितळलेले कपलर असेच तयार होतात. त्यात कपलरच्या कंपनीचा दोष क्वचित असतो. दोष असतो तो शेवटची पिन कुणी, कशाने दाबली यात.

आपल्याकडे हा विषय आता पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि बहुतेक साध्या दुचाकींतही कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. त्याच्या वर्षभर आधी १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस अनिवार्य झाले होते. याचा अर्थ असा, की ज्या गाडीत कालपर्यंत दिवे, हॉर्न आणि इग्निशन एवढेच वायरिंग होते, त्या गाडीत आज अनेक सेन्सर कंट्रोल युनिटला सतत माहिती पुरवत असतात. यांतले पुष्कळ सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. खराब जोडाने ०.१ व्होल्टची फसवणूक केली तर दोन टक्के चुकीची माहिती कंट्रोल युनिटकडे जाते, आणि ते बिचारे तिच्यावर विश्वास ठेवून इंधन कमी-जास्त सोडत राहते. बल्बला चालून जाणारा जोड सेन्सरला चालत नाही. त्यात आपला पावसाळा, कोकणपट्टीतली खारी हवा आणि रस्त्यांवरचे खड्डे हे तिन्ही या जोडांचे वैरी आहेत.

पिनचे घराणे ओळखा

आता निवडीकडे येऊ. पहिले काम पिनचा प्रकार ओळखण्याचे. गाड्यांमध्ये सर्वाधिक आढळते ती उघड्या पाकळ्यांची पिन. पत्र्यातून कापून वळवलेल्या या पिनच्या मागच्या बाजूला पाकळ्यांच्या दोन जोड्या उभ्या असतात: पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची जोडी तारेच्या इन्सुलेशनला. रिले, फ्यूज बॉक्स, हॉर्न, स्विच अशा ठिकाणी दिसणाऱ्या ६.३, ४.८ आणि २.८ मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पिना याच घराण्यातल्या. यांच्यासाठी लागणाऱ्या डायच्या वरच्या भागात इंग्रजी एम अक्षरासारखी खाच असते. ती पाकळ्यांना आत वळवून तांब्याच्या मध्यभागी घुसवते आणि दाबलेला भाग आडव्या बी अक्षरासारखा दिसू लागतो. दुसरा प्रकार लाल, निळ्या आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या टर्मिनलांचा. रंग तारेची जाडी सांगतो: लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६. यांना अंडाकृती खाचांची डाय लागते. एम आकाराच्या डायमध्ये ही टर्मिनले घातली तर टोपी फाटते. उघड्या पाकळ्यांची पिन अंडाकृती डायमध्ये घातली तर पाकळ्या वळतच नाहीत, नुसत्या आडव्या पडतात. दोन्ही चुका बाजारात रोज होतात, कारण दोन्ही टूलांना दुकानदार एकाच नावाने हाक मारतो. उष्णतेने आवळणाऱ्या स्लीव्हचे जोडही याच रांगेत दिसतात, पण त्यांना धारदार कडा नसलेली तिसरीच डाय लागते. नाही तर स्लीव्हला भोक पडते आणि पाणी रोखण्याचा तिचा सगळा उद्देशच वाया जातो.

तिसरे घराणे पाणी रोखणाऱ्या कपलरचे. सुपरसील, मेट्री-पॅक, वेदर-पॅक ही नावे दुचाकीपासून ट्रकपर्यंत भेटतात. इथे प्रत्येक तारेवर रबराचे छोटे सील चढवलेले असते आणि पिनच्या मागच्या पाकळ्या इन्सुलेशनऐवजी त्या सीलच्या मानेला धरतात. म्हणून डायचा मागचा भाग गोलसर आणि मोठा असावा लागतो. साध्या डायने दाबले तर पाकळ्यांची टोके सीलमध्ये घुसतात, रबर फाटते आणि कपलर बंद केल्यावर बाहेरून सगळे ठीक दिसत असतानाही पहिल्याच पावसात पाणी आत जाते. चौथे घराणे जड वाहनांतले. ट्रॅक्टर, जेसीबी आणि ट्रक यांच्यात डॉइच डीटी मालिकेचे कपलर सर्रास असतात. त्यांची पिन पत्र्याची नसते. भरीव धातू कातून ती केलेली असते, मागे नळीसारखे गोल छिद्र असते आणि ती चारही बाजूंनी एकाच वेळी टोचून दाबावी लागते. त्यासाठी एचडीटी-४८-०० हे टूल ठरलेले आहे. २०, १६ आणि १२ या तिन्ही आकारांच्या पिना त्यात बसतात. याच डीटी कपलरमध्ये पत्र्याची, उघड्या पाकळ्यांची स्वस्त पिनही बसते आणि तिला वेगळेच टूल लागते. म्हणजे कपलर एक, त्यातली जागा एक, तरीही पिन बदलली की टूल बदलते. टूल कपलरच्या नावावरून किंवा गाडीच्या मॉडेलवरून निवडू नये, पिनवरूनच निवडावे, याला याहून ठळक पुरावा नको.

पिनइतकीच तारही पाहावी लागते, कारण डाय ज्या पोकळीला आकार देते ती पोकळी भरायची तारेने. तारेवर माप छापलेले नसेल तर ते मोजता येते. एका तंतूचा व्यास मायक्रोमीटरने घ्या, त्याचा वर्ग करून ०.७८५ ने गुणा आणि तंतूंच्या संख्येने पुन्हा गुणा. ०.२ मिलिमीटरचे १६ तंतू असतील तर तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची. २४ असतील तर पाऊण. पुढचा मुद्दा इन्सुलेशनच्या जाडीचा, आणि तो सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतो. गाडीसाठी बनवलेल्या पातळ इन्सुलेशनच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त २.४ मिलिमीटर असतो. घराच्या वायरिंगसाठी मिळणाऱ्या त्याच मापाच्या तारेचा तो सुमारे ३ मिलिमीटर भरतो. तांबे सारखेच, पण घरगुती तार मागच्या पाकळ्यांत मावत नाही, सीलच्या छिद्रातून जात नाही आणि तिचे साधे पीव्हीसी इंजिनजवळच्या उष्णतेसाठी केलेलेच नसते. चांगले टूल घेऊन चुकीची तार वापरली, तर टूलचे पैसे वाया गेले असे समजा. नकली पिनांचेही तसेच. दिसायला हुबेहूब, पण पत्रा पातळ असेल, तर मूळ पिनसाठी बेतलेली डाय तिला पुरेशी दाबू शकत नाही.

टूल हातात घेतल्यावर

पिन आणि तार ठरली की टूलमध्ये पाहण्याच्या गोष्टी मोजक्याच उरतात. पहिली गोष्ट रॅचेट. रॅचेट असलेले टूल एकदा आवळायला सुरुवात केली, की पूर्ण दाब बसेपर्यंत उघडत नाही. दिवसाची पहिली पिन असो की संध्याकाळची थकलेल्या हाताने दाबलेली शेवटची, दाब तोच बसतो. रॅचेट नसलेली, पत्र्याच्या चपट्या जबड्यांची, तार सोलायच्या खाचांसह मिळणारी स्वस्त पक्कड लाल-निळ्या टर्मिनलांवर अडीनडीला वापरता येईल, कपलरच्या पिनांवर नाही. दुसरी गोष्ट डाय. तिच्यावर तारेचे माप कोरलेले आहे का, खाचेचा तळ गुळगुळीत आहे का, वरची आणि खालची डाय बंद झाल्यावर एकमेकींसमोर अचूक येतात की किंचित सरकतात, हे उजेडासमोर धरून पाहा. सरकणारी डाय पाकळ्या एका कुशीवर दाबते आणि पिन तिरकी होऊन कपलरमध्ये अडकते. तिसरी गोष्ट, मागच्या पाकळ्यांसाठी वेगळी, थोडी मोठी खाच आहे का. एकाच खाचेत तांबे आणि इन्सुलेशन दोन्ही दाबणारे टूल दोहोंपैकी एकाचे नुकसान करतेच. ते वापरायचे झाल्यास दोन वेगळ्या खाचांत दोन वेळा दाबावे लागते. चौथी गोष्ट, दाब कमी-जास्त करण्याचे दातेरी चाक. ते असणे चांगले, पण ते फिरवावे मोजमाप करून, अंदाजाने नाही.

टूलची खरी परीक्षा मात्र त्याने दाबलेल्या पिनवर होते, आणि ती कशी वाचायची हे प्रत्येकाने शिकून घ्यावे. साध्या ६.३ मिलिमीटरच्या पिनवर एक चौरस मिलिमीटरची तार दाबून पाहा. पाकळ्यांच्या लांबीला साजेल एवढे, साधारण ४-५ मिलिमीटर इन्सुलेशन सोला. सोलताना एकही तंतू कापला जाऊ देऊ नका, कारण सात तंतूंच्या तारेतला एक तंतू गेला तरी तिची सातव्या हिश्श्याएवढी ताकद गेली. पिन डायमध्ये ठेवून रॅचेटचे एक-दोन खटके येईपर्यंत हलकेच धरा, तार आत सरकवा आणि टूल आपणहून सुटेपर्यंत दाबा. आता भिंग घेऊन पाहा. पुढच्या पाकळ्यांच्या पलीकडे तांब्याची टोके जराशी, अर्धा-एक मिलिमीटर, बाहेर आलेली दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर तार पूर्ण आत गेलेली नाही. पाकळ्यांच्या दोन जोड्यांमधल्या छोट्या मोकळ्या जागेत तांबे आणि इन्सुलेशन दोन्ही दिसले पाहिजेत. फक्त इन्सुलेशन दिसले तर ते पुढच्या पाकळ्यांखाली दाबले गेल्याची शक्यता असते. फक्त तांबे दिसले तर मागच्या पाकळ्यांना धरायला काही मिळालेले नसते. पुढच्या दाबाची कड, विशेषतः तारेच्या बाजूची, तुतारीच्या तोंडासारखी किंचित उघडलेली असावी, म्हणजे धारदार कडेने तंतू कापले जात नाहीत. पाकळ्यांची टोके मधोमध एकमेकींना भिडून तांब्यात बुडालेली असावीत. एक दुसरीवर चढली असेल किंवा खालून पत्र्याला चीर गेली असेल, तर ती पिन टाकून द्या. शेवटी तार दोन-तीनदा काटकोनात वाकवून पाहा. इन्सुलेशन मागच्या पाकळ्यांतून निसटता कामा नये आणि फाटताही कामा नये.

डोळ्यांच्या परीक्षेनंतर ताकदीची परीक्षा. यासाठी चार-पाच पिना फक्त पुढच्या पाकळ्यांवर दाबा, मागच्या मोकळ्या ठेवा, म्हणजे इन्सुलेशनची पकड हिशेबात येणार नाही. पिन वाइसमध्ये धरून तारेला वजनाचा काटा लावा आणि सावकाश ओढा. अमेरिकेतल्या यूएल ४८६ए या मानकात १८ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.८ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेच्या जोडाने २० पौंड, म्हणजे ९ किलोची ओढ सोसावी असे आहे. १४ गेजच्या, सुमारे २ चौरस मिलिमीटरच्या तारेला ५० पौंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या थोडे वर. उत्पादकाने आपल्या पिनसाठी आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. तार कशी तुटली हेही बोलके असते. अख्खी तार पाकळ्यांतून सरकून बाहेर आली तर दाब कमी आहे. फारच कमी वजनावर पाकळ्यांच्या कडेशी तुटली तर दाब जास्त आहे. मात्र ओढीची परीक्षा पार पडली म्हणजे सगळे झाले, असे नाही. तार घट्ट धरलेली असूनही आत फटी राहू शकतात. म्हणून उंचीचे मापही घ्यावे. त्यासाठी एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पात्यासारख्या तोंडाचा खास मायक्रोमीटर मिळतो; साध्या कॅलिपरने खालच्या बाजूला दाबातून निघालेला बारीक कंगोराही मोजला जातो आणि आकडा फसवतो. गाडीवर जोड बसल्यानंतर भार चालू ठेवून मल्टिमीटरने जोडाच्या दोन्ही बाजूंमधले व्होल्टेज बघावे. ते काही मिलिव्होल्टांतच राहिले पाहिजे.

नेहमीचे आक्षेप

यावर पहिला आक्षेप अनुभवी हातांकडून येतो: आम्ही वीस-वीस वर्षे नाकपकडीने पिना दाबतो आहोत, गाड्या चालतात. गाड्या चालतात हे खरे आहे, आणि या हातांचे कौशल्यही खरे आहे. पण सैल क्रिम्प गॅरेजमधून निघताना नापास होत नाही. त्या क्षणी तांबे चकचकीत असते, दिवा लागतो, ग्राहक खूश असतो. ऑक्साइड धरायला एक-दोन पावसाळे लागतात आणि तोवर तक्रार दुसऱ्याच नावाने, बहुधा दुसऱ्याच गॅरेजमध्ये, येते. त्यामुळे ज्याने जोड केला त्याला आपल्या चुकीची खबर कधीच मिळत नाही, आणि न मिळालेल्या खबरीला तो यश समजतो. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत थोडासा रोध पचून जायचा. आज तोच रोध इंजेक्टरच्या किंवा एबीएसच्या तारेत येऊन बसतो. जुना अनुभव खोटा ठरत नाही. तो ज्या गाड्यांवर मिळाला त्या गाड्या बदलल्या आहेत.

दुसरा आक्षेप सोल्डरवाल्यांचा: दाबण्यापेक्षा कथिल ओतले की जोड कायमचा. सर्किट बोर्डवर सोल्डर उत्तम, यात शंका नाही. थरथरणाऱ्या तारेवर मात्र त्याचा एक मोठा दोष पुढे येतो. वितळलेले कथिल तंतूंच्या फटींतून वर चढते आणि इन्सुलेशनच्या आत कुठेतरी थांबते. तिथपर्यंत तार सळईसारखी ताठ होते आणि त्यापुढे मऊ राहते. इंजिनच्या प्रत्येक थरथरीत तार त्या सीमेवरच वाकते आणि काही महिन्यांत इन्सुलेशनच्या आत, डोळ्यांआड, तुटते. तारेला आधी कथिल लावून मग क्रिम्प करणे त्याहून वाईट, कारण कथिल सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहते आणि आवळलेला जोड आपोआप ढिला पडतो. आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर तो पुढची कित्येक वर्षे तांबे खात राहतो. तरीही न्यायाने सांगायला हवे: वाईट क्रिम्पपेक्षा नीट केलेला, आतून डिंक असलेल्या आवळत्या स्लीव्हने झाकलेला आणि जवळच क्लिपने बांधलेला सोल्डरचा जोड बरा. पण तो तारेला तार जोडण्यापुरता. कपलरच्या पिनला कथिल हा पर्याय नाही. ती पिन दाबण्यासाठीच घडवलेली असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, तो किमतीचा. पिनच्या कंपनीचे स्वतःचे टूल बऱ्याचदा दहा हजार रुपयांच्या बरेच पुढे जाते आणि ते एका किंवा दोन प्रकारच्या पिनांपुरतेच असते. छोट्या गॅरेजने अशी दहा टूले घ्यावीत, असे म्हणणे अव्यवहारी ठरेल. पण मूळ टूल आणि नाकपक्कड यांच्यामध्ये मोठी जागा आहे. बदलत्या डायचे एक चांगले रॅचेट हँडल घ्यावे आणि ज्या पिना खरोखर रोज हाताखालून जातात, त्यांच्याच डाय घ्याव्यात. अशा टूलवर कंपनीचा शिक्का नसतो, म्हणून वर सांगितलेल्या परीक्षा त्यावर आधी घ्याव्यात आणि पुढेही दर महिन्याला त्याच तारेवर, त्याच पिनवर परत घ्याव्यात, कारण सांध्याची खीळ झिजली की दाब गुपचूप कमी होतो. कधीतरीच लागणाऱ्या पिनसाठी टूल घेण्याऐवजी कारखान्यात दाबलेल्या पिना आणि वीतभर तारांसह मिळणारा तयार कपलर आणावा आणि मागे तारेला तार जोडावी; मग एकच चांगले टूल दहा कपलरांना पुरते. एका गल्लीतल्या तीन-चार गॅरेजांनी मिळून महागडे टूल घेणे आणि ते एकाच्याच देखभालीखाली ठेवणे, हाही शहाणपणाचा मार्ग आहे. आणि खर्चाचा हिशेब करताना दुसरी बाजूही मांडावी: चुकीच्या निदानापायी विनाकारण बदललेले एक-दोन सेन्सर किंवा जळालेला एक हार्नेस एवढ्यात मधल्या दर्जाचे टूल येते.

यावरून कुणी काय घ्यावे ते ठरवता येईल. आपल्याच दुचाकीवर किंवा कारवर फॉग लॅम्प, चार्जर, हॉर्न अशी कामे करणाऱ्याने २.८ ते ६.३ मिलिमीटरच्या उघड्या पाकळ्यांच्या पिनांसाठी एक रॅचेट टूल आणि एक चांगला वायर स्ट्रिपर घ्यावा. तेवढ्यात त्याची बहुतेक गरज भागते. दुचाकी आणि कारच्या गॅरेजने त्यात बारीक पिनांची डाय, सीलच्या पिनांची डाय आणि स्लीव्हच्या जोडांची डाय वाढवावी. ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांवर काम करणाऱ्याने भरीव पिना चारही बाजूंनी टोचणाऱ्या टूलवर कंजुषी करू नये, कारण तिथे पर्यायी टूलचा जोड शेतात किंवा खाणीत, मदत लांब असताना सुटतो. बॅटरी आणि स्टार्टरच्या जाड केबलच्या थिंबलसाठी हे कुठलेच टूल चालत नाही. तिथे षट्‌कोनी डायचे हायड्रॉलिक टूल हवे. स्टार्टर काही क्षण शेकडो अँपिअर ओढतो आणि हातोडीने ठोकलेल्या थिंबलमध्ये इतका प्रवाह तापल्याशिवाय जात नाही. जिथे असे टूल नाही, तिथे केबल मोजून देऊन थिंबल पंच करून आणणे योग्य. आणि विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड कारमधल्या नारिंगी केबलांना प्रशिक्षण आणि संरक्षक साधने नसलेल्याने हातच लावू नये. तो प्रश्न टूलच्या निवडीचा राहत नाही, जिवाचा होतो.

दुकानात जाताना, म्हणूनच, फक्त पैसे घेऊन जाऊ नका. तुमच्या कामातल्या पिना प्रत्येकी दहा, त्यांची सील आणि गाडीतलीच तार एका पिशवीत घेऊन जा. जमल्यास पिनच्या उत्पादकाचा तक्ता छापून न्या; त्यात तारेचे माप, इन्सुलेशनचा व्यास, सोलायची लांबी आणि क्रिम्पची उंची दिलेली असते. विक्रेत्याला टूल उघडायला सांगा, तिथेच पाच पिना दाबा, भिंगाने पाहा, ओढून पाहा. पाचही पिना एकसारख्या निघाल्या तर टूल घ्या, मग त्यावर नाव कुणाचेही असो. एकसारख्या निघाल्या नाहीत तर नाव कितीही मोठे असले तरी परत ठेवा. आणि जो विक्रेता पिन दाबून पाहू देत नाही, त्याच्याकडून क्रिम्पिंग टूल घेऊ नका. कारण या टूलबद्दल खात्रीने काही सांगू शकेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याने दाबलेली तुमची पिन.